किल्लेदार मेल्यावर फुसका का झाला? अनडेड टेम्प्लेट निवडताना होणारा घोळ आणि त्यावरचे उपाय

डन्जन्स अँड ड्रॅगन्स, म्हणजे डी अँड डी, या भूमिका घेऊन फाशांवर खेळायच्या खेळात मेलेल्या शत्रूला अनडेड, म्हणजे मेल्यावरही वावरणारा, करून परत आणता येतं. त्यासाठी त्याच्या आकड्यांवर जो तयार बदलांचा संच चढवतात तो टेम्प्लेट. त्याबद्दलची तक्रार बहुतेक वेळा अशी येते: "जिवंत होता तेव्हा त्यानं आमच्यातले दोघे लोळवले होते. अनडेड करून परत आणला, तर दोन राउंडांत गार." नाहीतर नेमकी उलटी: "चारच सावल्या ठेवल्या होत्या, पार्टीच संपली." (सावल्या म्हणजे शॅडो नावाचे अनडेड, पार्टी म्हणजे खेळाडूंच्या पात्रांची टोळी.) ठाण्यातले आणि खाडीपलीकडे नव्या मुंबईतले जे डीएम, म्हणजे खेळ चालवणारे आणि शत्रू रचणारे, माझ्या ओळखीचे आहेत, त्यांच्यापैकी बहुतेकांनी यातलं एक तरी वाक्य मला ऐकवलंय. माझ्या स्वतःच्या टेबलावर दोन्ही घडलंय, आणि दोन्ही वेळा चूक माझी होती. म्हणून हे सविस्तर लिहितो.

आमचा टेबल नौपाड्यात, माझ्या घरी, रविवारी दुपारी चारला बसतो. दोघं जण ट्रान्स-हार्बर लोकलनं येतात, एक ऐरोलीहून आणि एक नेरुळहून. त्यामुळे साडेआठला पसारा आवरायचा हे ठरलेलं. मिनी, म्हणजे पात्रांच्या छोट्या मूर्ती, विकत घेत नाही, कॅरमच्या सोंगट्या वापरतो. काळी म्हणजे सांगाडा, पांढरी म्हणजे झोंबी, आणि राणी म्हणजे त्या दिवसाचा म्होरक्या.

काही वर्षांपूर्वी आम्ही डी अँड डीची ३.५ आवृत्ती खेळत होतो. कॅम्पेन, म्हणजे अनेक सेशन चालणारी गोष्ट, खाडीकाठच्या एका किल्ल्याभोवती फिरणारं. घोडबंदरच्या किल्ल्यावर उभं राहून खाली उल्हास नदीचं रुंद पात्र बघताना ते सुचलं होतं. त्यातला किल्लेदार आठव्या लेव्हलचा फायटर, ७२ हिट पॉइंट (किती मार सोसेल तो आकडा), हातात दांडपट्टा. पार्टीनं त्याला दोन सेशन झुंजून मारलं. तीन महिन्यांनी त्याला सांगाडा करून परत आणायचं मी ठरवलं. पुस्तक उघडलं, टेम्प्लेट लावला, आणि कागदावर आकडा आला सहा. ७२चे सहा. मला वाटलं माझंच गणित चुकलं. चुकलं नव्हतं.

आधी हे तपासा: टेम्प्लेट देतो किती आणि काढून घेतो किती

३.५मधला सांगाडा आणि झोंबी हे दोन्ही टेम्प्लेट क्लासच्या, म्हणजे फायटर, जादूगार अशा पेशाच्या, सगळ्या लेव्हल पुसून टाकतात. माणसाला मूळचे हिट डाइस, म्हणजे हिट पॉइंट ठरवणारे फासे, नसतातच, त्याचं सगळं क्लासमधून आलेलं असतं. म्हणून आठव्या लेव्हलचा फायटर असो की गावचा पहारेकरी, सांगाडा झाल्यावर दोघांकडे बाराचा (बारा बाजूंचा) एकच फासा उरतो, म्हणजे सरासरी सहा हिट पॉइंट. चॅलेंज रेटिंग, म्हणजे शत्रू किती अवघड तो आकडा, एक तृतीयांश. हे टेम्प्लेट मुळात जनावरांसाठी आणि राक्षसी प्राण्यांसाठी चांगले आहेत, ज्यांचे हिट डाइस त्यांच्या अंगचे असतात. अस्वल, जायंट, मगर यांचे सांगाडे ठणठणीत होतात. लढवय्या माणूस मात्र त्यात विरघळून जातो.

मग लेव्हल शाबूत ठेवणारे टेम्प्लेट बघावेत. ३.५च्या मूळ मॉन्स्टर मॅन्युअलमध्ये ते तीन: घोस्ट, लिच आणि व्हॅम्पायर. तिघांनीही चॅलेंज रेटिंग दोननं वाढतं, त्यामुळे कागदावर ते सारखेच दिसतात, आणि घोळ इथंच होतो. घोस्ट झालेला तलवारबाज प्रकट झाल्यावरही आपली साधी तलवार जिवंत माणसाला लावू शकत नाही. त्यासाठी घोस्ट टच नावाची जादू असलेलं शस्त्र लागतं. म्हणजे ज्या हातासाठी तो ओळखला जायचा तोच हात गेला. लिच होण्यासाठी निदान अकराव्या कास्टर लेव्हलचा जादूगार लागतो, फायटरचा तिथं संबंधच नाही. राहिला व्हॅम्पायर: ताकद सहानं वाढते, नैसर्गिक चिलखत सहानं वाढतं, दर राउंडला पाच हिट पॉइंट भरून येतात, आणि चांदीच्या जादुई शस्त्राशिवाय प्रत्येक वारातले दहा गळून जातात. समोरासमोर लढणाऱ्यासाठी त्या तिघांत हाच खरा.

तरीही एक सापळा उरतो, आणि तो मला फार उशिरा कळला. ३.५मध्ये अनडेडला कॉन्स्टिट्यूशन, म्हणजे अंगचा दणकटपणा, नसतं. सगळे हिट डाइस बाराचे होतात हे वाचून आपण खूश होतो, पण कॉन्स्टिट्यूशनचा बोनस गेलेला असतो. माझ्या किल्लेदाराचा बोनस होता तीन. जिवंतपणी फायटरच्या दहाच्या फाशावर सरासरी साडेपाच अधिक तीन, म्हणजे दर लेव्हलला साडेआठ. व्हॅम्पायर झाल्यावर साडेसहा. आठ लेव्हलला मिळून ५२. त्वचा कठीण झाली, जखमा भरून यायला लागल्या, पण एखाद्या जादूगारानं आगीचा गोळा टाकला तर तो पूर्वीपेक्षा लवकर पडणार. अंगानं दणकट असलेला शत्रू जितका दणकट, तितका अनडेड होताना त्याचा तोटा जास्त.

२००९च्या पाथफाइंडरनं, म्हणजे ३.५वरून बेतलेल्या दुसऱ्या खेळानं, हे दुरुस्त केलं. तिथं अनडेडचे हिट पॉइंट करिष्म्यावर मोजतात. उपाय चांगला आहे, फक्त शत्रू बनवताना लक्षात ठेवायला हवा. आपण फायटरचा करिष्मा नेहमी आठ-दहावर सोडून देतो, आणि मग अनडेड झाल्यावर त्याच आठ-दहावर त्याचा जीव टांगलेला असतो. पाथफाइंडर खेळत असाल तर ग्रेव्हनाइट जरूर बघा. चिलखतातच जीव अडकलेला योद्धा, मारला तरी चिलखत उरलं तर काही दिवसांत पुन्हा उभा राहणारा. तो टेम्प्लेट पहिल्यापासून लढणाऱ्यासाठीच रचलाय, लेव्हलला हात लावत नाही. तिथला आणखी एक फरक मोठा आहे. ३.५मध्ये अनडेडवर क्रिटिकल (मर्मावर बसून जास्त इजा करणारा वार) चालत नाही, म्हणून रोगचा, म्हणजे चोरट्या पात्राचा, स्नीक अटॅकही चालत नाही. पाथफाइंडरमध्ये दोन्ही चालतात. ३.५चं अख्खं कॅम्पेन स्मशानात घालवणार असाल, तर रोग खेळणाऱ्याला आधी सांगा. आमच्याकडे एक मुलगा सलग चार सेशन नुसती कुलपं उघडत बसला होता. त्याचं मला अजून वाईट वाटतं.

पाचव्या आवृत्तीत, म्हणजे २०१४च्या नियमांत, हे प्रकरण सोपं आहे. तिथं डीएमच्या पुस्तकात सांगाडा आणि झोंबी यांचे छोटे बदल दिलेले आहेत, ते कुठल्याही तयार माणसावर चढवता येतात, आणि त्याचे हिट पॉइंट, त्याचे वार जागच्या जागी राहतात. व्हेटरन, म्हणजे पुस्तकातला तयार मुरलेला सैनिक, घ्या: ५८ हिट पॉइंट, एसी (वार लागायला गाठावा लागणारा आकडा) १७. त्याचा झोंबी केला तर कॉन्स्टिट्यूशन दोननं वाढून ६७ होतात, वर अनडेड फॉर्टिट्यूड मिळतं, त्याबद्दल पुढं येईल. कागदावर फायदाच फायदा. पण त्याच झोंबीचं विजडम (शहाणपण) चारनं उतरतं, आणि त्याची किंमत क्लेरिक, म्हणजे देवाची शक्ती वापरणारं पात्र, वसूल करते.

"क्लेरिकनं हात वर केला आणि लढाई संपली"

टर्न अनडेड ही अनडेडना पळवून लावणारी क्लेरिकची शक्ती. तिचं गणित एकदा मांडून बघा. पाचव्या लेव्हलची क्लेरिक, विजडम १६, तिचा डीसी, म्हणजे त्यातून सुटायला गाठावा लागणारा आकडा, १४. व्हेटरनचं विजडम ११, झोंबी झाल्यावर ७, म्हणजे सेव्हला (सुटण्यासाठी टाकायच्या फाशाला) उणे दोन. त्याला वीसच्या फाशावर सोळा किंवा वर लागतात. चारात तीन वेळा तुमचा म्होरक्या पहिल्याच राउंडात पाठ फिरवून पळणार, मिनिटभरासाठी किंवा कुणी त्याला जखम करेपर्यंत. त्याच्या बाजूच्या साध्या सांगाड्यांचा आणि झोंबींचा सेव्ह चुकला तर ते जागीच राख होतील, कारण पाचव्या लेव्हलपासून अर्ध्या चॅलेंज रेटिंगपर्यंतचे अनडेड नुसते पळत नाहीत, नष्टच होतात. ही मर्यादा आठव्याला एकवर, अकराव्याला दोनवर, चौदाव्याला तीनवर आणि सतराव्याला चारवर जाते. तुमच्या क्लेरिकची लेव्हल कागदाच्या कोपऱ्यात लिहून ठेवा आणि शिपाई निवडताना त्याकडे एक नजर टाका.

आता यावरचा चुकीचा उपाय आधी सांगतो, कारण तो सगळ्यांना सुचतो: सगळेच शत्रू टर्नला दाद न देणारे करायचे. असं करू नका. क्लेरिक घेतलेली व्यक्ती या एका क्षणासाठी महिनोन्महिने मलमपट्ट्या करत असते. आमच्याकडे क्लेरिक खेळणारी ऐरोलीहून येते. तिनं पहिल्यांदा आठ काळ्या सोंगट्या एका दमात उचलून डब्यात टाकल्या, तेव्हाचा तिचा चेहरा मला आठवतो. तो आनंद तिचा हक्काचा आहे.

योग्य उपाय म्हणजे लढाईचे दोन थर करणं. शिपाई असे ठेवा, जे तिनं उडवावेत. म्होरक्या असा ठेवा, जो त्या वेळी जागचा हलणार नाही. पाचव्या आवृत्तीत रेव्हनंटला, म्हणजे सूडासाठी उठलेल्या प्रेताला, टर्न अनडेडची पूर्ण माफी आहे. घास्ट स्वतःला आणि तीस फुटांतल्या घूलना (दोघेही प्रेतं खाणारे अनडेड) टर्नविरुद्ध सेव्हला अ‍ॅडव्हांटेज देतो, म्हणजे दोन फासे टाकून मोठा घ्यायचा. डेथ नाइट तेच साठ फुटांपर्यंत, त्याला हव्या त्या अनडेडना देतो, पण तो चॅलेंज रेटिंग १७चा, त्याला लहान पार्टीसमोर आणायचं नाही. वाइट (इंग्रजीत wight) नावाच्या अनडेड योद्ध्याकडे असं काही नाही, फक्त विजडम १३ आहे. वरच्याच क्लेरिकसमोर त्याला तेरा लागतात, म्हणजे पाचात दोनदा तो टिकतो.

टर्नची मर्यादा तीस फूट आहे हेही आपण विसरतो. सांगाड्याचं छोटं धनुष्य ऐंशी फुटांवर नीट मारा करतं. तटबंदीवर, बुरुजावर, क्लेरिकपासून साठ फुटांवर चार तिरंदाज सांगाडे उभे केले, की तिला पुढं यावं लागतं, पार्टीला तिला झाकत न्यावं लागतं, आणि सगळी लढाई हलायला लागते. हे करायला कुठलाही टेम्प्लेट लागत नाही.

पॅलाडिन, म्हणजे शपथ घेतलेला दैवी योद्धा, असेल तर आणखी एक हिशेब. २०१४च्या नियमांत त्याच्या डिव्हाइन स्माइटला, म्हणजे वाराला जोडलेल्या दैवी माराला, अनडेडवर आठचा एक फासा जास्त मिळतो. म्हणजे शत्रूला अनडेड करताना तुम्ही पॅलाडिनच्या हातात शस्त्र देत असता. उलट बाजूनं, होल्ड पर्सन हा मंत्र माणसांवर आणि माणसासारख्या जातींवरच चालतो. तुमचा जिवंत सरदार दर वेळी त्या मंत्रानं खिळून मार खात असेल, तर त्याला अनडेड करणं हीच त्याची ढाल. स्लीप हा झोपवणारा मंत्रही त्याच्यावर चालणार नाही. टेबलावर कोण काय घेऊन बसलंय यावर हे तराजू कुठं झुकतं ते ठरतं, म्हणून दुसऱ्याच्या कॅम्पेनमधला यशस्वी शत्रू उचलून आपल्याकडे आणला की बऱ्याचदा फसतो. आमच्या नेरुळच्या गड्यानं त्याच्या दुसऱ्या ग्रुपसाठी माझे सांगाडे जसेच्या तसे नेले. त्या ग्रुपमध्ये दोन मंक. सांगाड्याला बोथट माराची दुप्पट इजा होते, आणि मंकच्या मुठी बोथटच असतात. दीड राउंड.

लढाई रेंगाळते तेव्हा

झोंबीच्या अनडेड फॉर्टिट्यूडबद्दल तक्रार येते ती वेळेची. शून्यावर आला की तो कॉन्स्टिट्यूशनचा सेव्ह टाकतो, डीसी पाच अधिक बसलेला मार, आणि यशस्वी झाला तर एका हिट पॉइंटवर उभा राहतो. त्याचा सेव्ह अधिक तीन. सहाचा मार बसला तर डीसी ११, शंभरात ६५ वेळा तो उठतो. दहाचा बसला तर ४५ वेळा. पंधराचा बसला तरी २० वेळा. पहिल्या-दुसऱ्या लेव्हलची पार्टी सहा-सातचेच वार करते. म्हणजे त्यांना प्रत्येक पांढरी सोंगटी दोनदा, कधी तीनदा मारावी लागते. आठ झोंबी ठेवले तर कागदावरची आठांची लढाई टेबलावर पंधरांची होते, आणि बाहेर अंधार पडायला लागला की नेरुळवाला फोनवर गाडीची वेळ बघायला लागतो.

मी झोंबी तीनपेक्षा जास्त ठेवत नाही. ठेवायचेच असतील तर प्रत्येकाला हा सेव्ह एकदाच, असा घरचा नियम आधी जाहीर करतो. आणि रेडियंट मार (दैवी तेजाचा) किंवा क्रिटिकल बसला तर तो सेव्ह मिळतच नाही, हे खेळणाऱ्यांच्या पात्रांना कुठल्या तरी म्हाताऱ्या गुरवाकडून, पडक्या देवळातल्या भिंतीवरून कळेल अशी सोय करतो. माहिती मिळाली की तेच झोंबी कोडं होतात.

झोंबी हळू असतात, वीस फुटांचेच, म्हणून पार्टी मागं सरत सरत बाण मारते आणि त्यांना हातही लावू देत नाही. याचं औषध टेम्प्लेटमध्ये शोधू नका, जमिनीत शोधा. ठाण्याच्या खाडीकाठी ओहोटीला जो चिखल उघडा पडतो, तिवरांच्या मुळांनी भरलेला, तसा नकाशा काढा. अवघड जमीन, सगळ्यांचा वेग अर्धा. आता तीस फुटांचा फायटरही पंधराच चालतो, आणि झोंबी चिखलाखालून दोन हातांवर वर येतो. अंतर आधीच संपलेलं असतं. आपल्याकडे पाण्यात ओढणाऱ्या गिऱ्ह्याच्या गोष्टी सांगतात, तो मी असाच केला: साधा झोंबी, वार बसला की पकड, आणि पुढच्या टर्नला, म्हणजे त्याच्या पुढच्या पाळीला, पाच फूट पाण्याकडे. बाकी एक आकडा बदलला नाही. माझ्या टेबलावर सगळ्यात जास्त घाबरवलेला शत्रू तोच.

आपली भुतं या कामाला फार चांगली येतात, कारण त्यांच्या वागण्यात लढाईचा आराखडा आयता असतो. चकवा म्हणजे विल-ओ-विस्प: एसी १९, दिसेनासा होतो, वाट चुकवतो. वेताळाची पालखी म्हणजे वाइट आणि त्याचे झोंबी. पुस्तकात वाइट एका वेळी बारा झोंबींपर्यंत ताब्यात ठेवतो, मी मशाली धरलेले तीन ठेवतो. मुंज्याला मात्र लढाईत ओढू नका. पिंपळावरचं ते पोर बोलण्यासाठी ठेवा.

"माझा टर्न कधी आला कळलंच नाही"

ही तक्रार सगळ्यात गंभीर, कारण ती करणारा पुढच्या रविवारी येत नाही. घूलच्या नखांनी दहाच्या डीसीचा सेव्ह चुकला की लकवा, मिनिटभरापर्यंत, दर टर्नच्या शेवटी पुन्हा सेव्ह. डीसी दहाच आहे, म्हणून आपण सोडून देतो. पण घूल तीन असतात. आणि खिळलेल्या माणसाला पाच फुटांतून बसलेला प्रत्येक वार क्रिटिकल. आमच्याकडे एक राउंड पंधरा मिनिटांचा होतो. दोन सेव्ह चुकले की तो खेळाडू अर्धा तास चहाचे कप आत नेऊन ठेवतो. घूल ठेवायचा असेल तर एकच ठेवा आणि बाकीचे त्याच्यासारखे दिसणारे, पण नखांत काही नसलेले. पार्टीत एल्फ असेल तर त्याला पुढं जायला वाव द्या, त्याला घूलचा लकवा लागत नाही.

आणि त्या सावल्या. शॅडोचं चॅलेंज रेटिंग अर्धं, १०० एक्सपी (शत्रूला हरवल्याचे गुण). चार सावल्यांचे ४००, संख्येमुळे दुप्पट धरून ८००. तिसऱ्या लेव्हलच्या चौघांसाठी २०१४च्या कोष्टकात मध्यम लढाई ६००ला सुरू होते आणि अवघड ९००ला. म्हणजे पुस्तक म्हणतं मध्यम. मी पुस्तकावर विश्वास ठेवला. पण शॅडोचा प्रत्येक वार ताकद चाराच्या एका फाशानं उतरवतो, आणि ताकद शून्य झाली की माणूस मरतो, हिट पॉइंट कितीही असोत. विझार्डची, म्हणजे पार्टीतल्या जादूगाराची, ताकद आठ. चौघी त्याच्याकडे वळल्या, चार वार बसले, सरासरी दहा. पहिल्या राउंडात. डेथ सेव्ह (मरणाच्या दारातून वाचायचे फासे) नाहीत, काही नाही. त्यानं ते पात्र दीड वर्ष सांभाळलं होतं, वहीत त्याची चित्रं काढली होती. मी फासे लपवूनही काही करू शकलो नसतो, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत पडले होते.

तेव्हापासून शत्रू ताकद, कॉन्स्टिट्यूशन असं काही थेट खात असेल, तर मी चॅलेंज रेटिंग बघतच नाही. पार्टीतला सगळ्यात खालचा आकडा बघतो आणि किती वारांत तो शून्य होईल ते मोजतो. आठ भागिले अडीच, म्हणजे तीन-चार वार. मग सावल्या दोनच, आणि खोलीत पेटवता येईल अशी एक तरी समई किंवा मशालीची बैठक. उजेड पडला की सावलीला टर्नच्या शेपटाला लपून बसता येत नाही.

तीन राउंडांची चिठ्ठी

आता मी टेम्प्लेटची यादी सगळ्यात शेवटी उघडतो. आधी कागदाच्या चिठ्ठीवर तीन ओळी लिहितो: हा पहिल्या राउंडात काय करणार, दुसऱ्यात काय, तिसऱ्यात काय. लढाई बहुतेक वेळा तीन-चार राउंडांचीच असते, त्याच्या पुढची क्षमता कुणाला दिसत नाही. मग प्रत्येक टेम्प्लेटला एकच प्रश्न: या तीन ओळींतली कुठली ओळ तू पुसतोस? एकही पुसत नसेल आणि एखादी जाड करत असेल, तो टेम्प्लेट घ्यायचा. नावाचा दरारा, चित्र किती भारी आहे, हे सगळं नंतर. दरारा आपल्याला वर्णनानं आणता येतो. गेलेले वार वर्णनानं परत येत नाहीत.

मागच्या वर्षी नव्या कॅम्पेनमध्ये, आता पाचव्या आवृत्तीत, त्याच किल्ल्यावर मी किल्लेदाराला पुन्हा आणला. चिठ्ठी अशी होती. पहिला राउंड: ज्यानं मारलं त्याच्याकडे सरळ चालत जाणार, मध्ये कोण आहे बघणार नाही. दुसरा: पट्ट्याचे दोन वार, त्याच्यावरच. तिसरा: पडला तरी उठणार.

सांगाडा तिसरी ओळ देत नाही. व्हॅम्पायर स्पॉनच्या जखमा भरतात, पण शून्यावर गेला की तोही उठत नाही, वर त्याला सूर्य, वाहतं पाणी, नाना भानगडी, आणि तो चावतो. किल्लेदार चावणारा माणूस नव्हता. वाइट पहिली ओळ देतो, तिसरी नाही. रेव्हनंट तिन्ही देतो: १३६ हिट पॉइंट, दर पाळीला दहा भरून येतात, टर्न अनडेडची माफी, आणि ज्याच्यावर सूड उगवायचा त्याला प्रत्येक वाराला सहाचे चार फासे जास्त. त्याच्या मुठीच्या जागी मी दांडपट्टा लिहिला, आकडे तेच ठेवले.

एक सावधगिरी मात्र घ्यावी लागली. दोन्ही वार बसले तर त्या एका माणसाला सरासरी पन्नास. सहाव्या लेव्हलच्या विझार्डवर ही सूडाची शपथ टाकली असती, तर पुन्हा सावल्यांचाच दिवस आला असता. म्हणून मागच्या लढाईत शेवटचा घाव पॅलाडिनच्या हातून पडेल, इतपत मी किल्लेदाराला त्याच्यासमोर उभा ठेवला होता. पॅलाडिनचा एसी १८, किल्लेदाराला अकरा लागणार, निम्मे वार हुकणार. किल्लेदाराची खिळवणारी नजर एकदाच वापरली. त्याचा पुढचा वार लागताच तो लकवा सुटतो, त्यामुळे कुणी अर्धा तास बसून राहत नाही.

तळघर, सहा काळ्या सोंगट्या, मध्ये राणी. क्लेरिकनं टर्न टाकला, सहाही काळ्या डब्यात. राणी तिथंच. "अगं, हा का नाही पळत?" कुणीतरी विचारलं. ती म्हणाली, "याला माझी भीती नाही. याला फक्त तो हवाय," आणि पॅलाडिनकडे बोट दाखवलं. मी काहीच सांगितलं नव्हतं.

चौथ्या राउंडात पॅलाडिनचे स्लॉट, म्हणजे स्माइटसाठी लागणारा जादूचा साठा, संपले. तोपर्यंत त्याच्या प्रत्येक स्माइटच्या रेडियंट मारामुळे किल्लेदाराची जखम भरत नव्हती. आता साध्या तलवारीचा घाव, आणि किल्लेदार शून्यावर. सगळ्यांनी श्वास सोडला. मी राणी आडवी केली, पण उचलली नाही. विझार्ड खेळणारा, तोच, ज्याचं आधीचं पात्र सावल्यांनी खाल्लं होतं, सोंगटीकडे बघत राहिला. रेव्हनंट शून्यावर असताना त्याच्या टर्नच्या सुरुवातीला पुन्हा जखमा भरू शकल्या तर तो दहा हिट पॉइंटवर उठतो. आग किंवा रेडियंट लागलेलं असेल तरच देह नष्ट होतो. हे त्यांना देवळातल्या भिंतीवर अर्धवट पुसलेल्या अक्षरांत मिळालं होतं, तीन सेशनांपूर्वी. त्यानं वही चाळली, मागची पानं, पुढची पानं. मग म्हणाला, "मेलेला नाहीये तो. फायर बोल्ट. पडलेल्यावरच टाकतो."

पडलेल्यावर लांबून नेम धरायचा, म्हणून मी दोन फासे टाकायला आणि त्यातला लहान घ्यायला सांगितलं. अठरा आणि चौदा. चौदानंही लागला.

राणी डब्यात ठेवताना क्लेरिकनं विचारलं, "परत येणार का रे हा?" रेव्हनंटचा आत्मा चोवीस तासांनी दुसरं प्रेत शोधतो, आणि त्याच्याकडे वर्षभराची मुदत असते. मी कॅम्पेनच्या कॅलेंडरवर दुसऱ्या दिवसाच्या चौकटीत एक खूण केली आणि वही मिटली. ऐरोली आणि नेरुळवाले चपला घालत होते.